आमच्या धुळीवरचा लेख

माझं नाव पहिल्यांदा छापून आलं ते लग्नपत्रिकेत, आणि तिथे ते चुकलं होतं. दुसऱ्यांदा आलं ते संगणक विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या लोकांच्या एका इंग्रजी मासिकात. तिथे नावाचं स्पेलिंग बरोबर होतं आणि खाली लिहिलं होतं, साकोली, जिल्हा भंडारा. त्या अंकाची हकीकत मी आजवर कितीतरी जणांना तोंडी सांगितली आहे. सांगताना माझी मान जरा ताठ होते, हे मला कळतं. होऊ देते.

धंद्यातल्या लोकांसाठी अशी मासिकं असतात, हे आमच्याकडे फार कुणाला माहीत नसायचं. ती एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळत नाहीत. कोणता प्रिंटर बाजारात आला, कोणत्या मदरबोर्डात काय दोष निघतो आहे, वॉरंटीचे नियम कसे बदलले, असला त्यात मजकूर असतो. निम्म्याहून जास्त पानं जाहिरातींची. दुकानाचा शिक्का मारून अर्ज भरला की अंक टपालानं घरपोच येतो.

मला त्याचा पत्ता लागला तो बाबांमुळे. माझे बाबा साकोलीत पोस्टमन होते. मी भंडाऱ्याहून पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून आले आणि महामार्गाला लागून एका गाळ्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. एका कॉलेजच्या संगणक विभागात बाबा दर महिन्याला एक जाड कागदाचं मासिक टाकायचे. एक दिवस त्यांनी तिथल्या लॅबवाल्यांना विचारलंच, हे असते तरी काय म्हणून. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली.

"बाई, हे पाय. तुह्या लाइनीचं पुस्तक हाय म्हणते. पत्ता लिवून आनलो."

मी अर्ज भरला. पुढच्याच महिन्यापासून बाबाच सायकलवरून माझ्या दुकानात तो अंक आणून द्यायला लागले. घरी मी त्यांची बाई, पण अंगावर खाकी असली की ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून म्हणायचे, "घ्या म्याडम, डाक."

माझं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. पहिले काही अंक मी शब्दकोश शेजारी ठेवूनच वाचले. त्यातलं एक पान मात्र मला पहिल्यापासून आवडायचं. त्या पानावर दुरुस्ती करणारे लोक आपापल्या टेबलावर आलेले बिघाड लिहून पाठवायचे. दिल्ली, इंदूर, लुधियाना, चेन्नई. तालुक्याच्या गावातून आलेलं पत्र मी कधी पाहिलं नाही. त्यांचे संगणक आणि आमचे संगणक एकाच कारखान्यातले होते, पण ते बसतात त्या जागा निराळ्या, आणि त्या जागांबद्दल तिथे कुणी लिहीत नव्हतं.

आमची जागा म्हणजे राईस मिल. साकोलीच्या चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि एकोडीकडे जा की लाखनीकडे, थोड्याथोड्या अंतरावर मिल. धान घरात आलं की दिवाळीनंतर या मिल सुरू होतात त्या थांबायचं नाव घेत नाहीत. बिलं आणि वजनकाट्यासाठी सगळ्यांनी संगणक घेतले, आणि ते संगणक पटापट मरायला लागले.

एकोडीच्या रस्त्यावरच्या एका मिलचे शेठ एका सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर संगणक ठेवून माझ्याकडे आले. त्या मिलमधला बंद पडलेला हा दुसरा संगणक. चांगल्या मोठ्या कंपनीचा, वॉरंटीतला. नागपूरच्या सर्व्हिस सेंटरनं तो परत पाठवला होता, वर चिठ्ठी चिकटवून की बिघाड ग्राहकाच्या चुकीमुळे झाला आहे.

"म्याडम, माही काय चुकी?" शेठ म्हणाले. "मी काय त्याच्यावर पानी ओतलो काय? रोज फडक्यानं पुसून ठेवते आमचा मुनीम."

मी कॅबिनेट उघडलं. आत सगळीकडे पिवळट तपकिरी थर होता. रस्त्याची धूळ मला माहीत होती. ती ब्लोअर मारला की उडते. ही उडेना. बोट फिरवलं तर बोटाला चिकटून आली. मी बोट नाकाशी नेलं. खवट वास.

तो कोंडा होता. तांदूळ पांढरा करताना मशीनमधून जो बारीक कोंडा निघतो, त्याची भुकटी मिलमध्ये हवेत तरंगत असते. आणि कोंड्यात तेल असतं, हे आमच्याकडे कुणालाही विचारा. ट्रकच्या ट्रक तेल काढायला जातात. ती तेलकट भुकटी पंख्याच्या पात्यांवर बसली की पाती जड होतात, पंखा मंदावतो, आत उष्मा कोंडतो. वरून आमच्याकडच्या हिवाळी सकाळी बांध्यांवरून धुकं येतं. त्या ओलाव्यानं हा थर भिजतो आणि करंट नको तिथून वाहायला लागतो. पॉवर सप्लाय जातो, मग पाठोपाठ मदरबोर्ड.

हे मी एका दिवसात शोधलं असं नाही. त्या हंगामात माझ्याकडे मिलमधून आलेल्या प्रत्येक संगणकाची मी वहीत नोंद केली. तो कुठे ठेवला होता, मशीनपासून किती पावलांवर, खिडकी कोणत्या दिशेला, किती महिने चालला. त्यासाठी मी स्कूटीवरून एकेक मिल फिरले. काही ठिकाणी मला वीजबिल तपासणारी बाई समजून आधी चहा पाजला. दुसऱ्या हंगामातही तेच केलं. वहीवरून दिसायचं ते स्पष्ट दिसत होतं. मशीनच्या खोलीतला संगणक टिकत नव्हता, आणि वेगळ्या बंद खोलीतला टिकत होता. पण मुनीमाला वजनकाटाही दिसायला हवा, मशीनही दिसायला हवी. तो बंद खोलीत बसून काय करणार?

कंपनीच्या फोनवर मी विचारलं तेव्हा सल्ला मिळाला, एसी लावा. शेठना सांगितलं तर ते पोट धरून हसले.

मग मी आपल्या अकलेनं प्रयोग सुरू केले. आधी कॅबिनेटच्या तोंडावर सुती कापड ताणून बांधलं. तासाभरात संगणक तापून बंद पडला. कापड पातळ घेतलं तर धूळ आत जायची. मी मिलच्या ओट्यावर डोकं धरून बसले होते. तिथे तांदूळ पाखडणारी एक मावशी काम करायची. तिनं सुपडं थांबवलं आणि म्हणाली, "काहून इतकी हैरान होऊन राहिली माय?"

मी सांगितलं, कापड बांधलं की याचा जीव गुदमरतो, आणि सोडलं की कोंडा जातो.

"तोंडावर फडका बांधशीन त दम कोंडनच," मावशी म्हणाली. "मच्छरदानीत झोपल्यावर कोंडते का? कापड तोंडापासून दूर पाहिजे. अन् मोठं पाहिजे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मी डिप्लोमाला हवेचा दाब आणि जाळीचं क्षेत्रफळ शिकले होते, आणि मला ते सुचलं नव्हतं.

सुताराकडून लाकडाची चौकट करून घेतली, पाठ सोडून कॅबिनेटच्या बाकी अंगांनी वीतभर जागा सुटेल एवढी. तिच्यावर मच्छरदानीसारखं कापड. गरम हवा बाहेर पडायला मागच्या फळीला भोक, आणि कॅबिनेटची पाठ त्या भोकाला टेकवलेली. कापडं बरीच बघितली. सगळ्यात चांगलं ठरलं जुनं सुती लुगडं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. पहिलं लुगडं मावशीचंच होतं. दोन खोळी शिवल्या, एक अंगावर, एक धुण्यात. दर शनिवारी बदलायची. तो संगणक पूर्ण हंगाम चालला. पुढच्या हंगामात मी आणखी चार मिलमध्ये अशा पेट्या बसवल्या, आणि चारही चालले.

तेव्हा मी मासिकाला पत्र लिहिलं. शब्दकोश घेऊन इंग्रजीत चार पानं. पाकिटात एका प्लास्टिकच्या पुडीत खरवडलेला थरही चिमूटभर घातला, कारण माझ्या इंग्रजीवर माझा भरवसा नव्हता आणि त्या वासावर होता.

पंधरा दिवसांनी दुपारी दुकानात फोन आला. मासिकाचे संपादक पुण्याहून बोलत होते, शुद्ध मराठीत.

"तुमचं पत्र माझ्यासमोर आहे. पुडीही उघडली. आता केबिनमध्ये सगळे नाक मुरडतायत," ते म्हणाले. "मला एक सांगा, हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?"

मला राग आला. "मीच लिहिलं, सर."

"रागावू नका. पहिली दोन पानं पाठ्यपुस्तकातली वाटली, म्हणून विचारलं. तिसऱ्या पानावर तुम्ही मच्छरदानी आणलीत, तिथून पत्रात जीव आला. असं करा, हे सगळं पुन्हा लिहा, मराठीत. मी इंग्रजी करतो. मला त्या मिलमध्ये नेऊन बसवा. आणि जे फसलं ते आधी लिहा, जमलं ते नंतर. वाचणारा तुमच्यावर विश्वास ठेवेल तो फसलेलं वाचून."

"बरं सर."

"आणि त्या मावशींचं नाव काय? ते पत्रात नाही."

मी लिहिलं नव्हतं. त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. मी फोनवर नाव सांगितलं आणि त्यांनी ते अक्षर अक्षर लिहून घेतलं.

आठ दिवस मी दुकान सांभाळून लिहीत होते. शाळेनंतर एवढं सलग मराठी मी लिहिलंच नव्हतं. पेटीची आकृती माझ्या नवऱ्यानं काढली, तो शाळेत चित्रकला शिकवतो. संपादकांचे फोन यायचे. कापडाची वीण किती दाट? हात लावल्यावर पेटीची मागची फळी गरम लागते की कोमट? एकदा त्यांनी विचारलं, मुनीमाला ती पेटी अडचणीची वाटते का? मी मुनीमाला विचारलं तर तो म्हणाला, पेन ठेवायला जागा गेली. तेही लेखात आलं.

अंक निघायच्या चार महिने आधी बाबा निवृत्त झाले होते. नव्या पोस्टमनवर त्यांचा भरवसा नव्हता. महिन्याचा दुसरा आठवडा लागला तसे ते रोज सकाळी पोस्टात जाऊन डाक निवडायच्या टेबलाशी उभे राहायला लागले. तिथले लोक त्यांना ओळखत होते, अडवायचे नाहीत. चौथ्या दिवशी ते सायकलवरून दुकानापुढे उतरले. अंगात घरचाच सदरा. पण उभे राहिले तसेच, पायरीवर, ताठ.

"घ्या म्याडम, डाक."

मी हात पुढे केला तर त्यांनी पाकीट मागे घेतलं. "आधी सही कर."

"बाबा, साध्या डाकेला सही नसते."

"ह्याले लागते."

मी त्यांच्या तळहातावर पेनानं सही केली. मग दोघांनी मिळून पाकीट फोडलं. लेख मधल्या पानांवर होता, आकृतीसकट. मथळ्याखाली माझं नाव, आणि शेवटी चौकटीत मावशीचं नाव आणि तिनं काय सुचवलं ते. बाबांनी मथळ्यातला एकेक शब्द बोट ठेवून वाचला. मग चष्मा पुसला आणि दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बसा. म्याडम कामात हायेत."

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात पुस्तकांचं एक कपाट आहे. बाबांनी मासिकाकडून आणखी एक अंक मागवून त्या कपाटात ठेवला. आजही तो तिथे आहे, काढून वाचणाऱ्यांनी कोपरे दुमडलेला. अभ्यासाला येणाऱ्या पोरींना बाबा तो कितीदा दाखवायचे, त्याची गणतीच नाही.

मी माझा अंक घेऊन मिलमध्ये गेले. मावशीला वाचता येत नाही. मी तिचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं.

"एवढंसं?"

"एवढंच आहे, मावशी."

"अन् तुहं?"

मी माझं दाखवलं. तिनं वाकून दोन्हीकडे नीट पाहिलं.

"सारखंच हाय," ती म्हणाली. "मंग बरोबर."

हे सगळं गोड झालं. पण दोन महिन्यांनी त्याच मासिकात, शेठचा संगणक परत पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस विभागाच्या प्रमुखांचं पत्र आलं. ग्रामीण भागातले संगणक कोंड्यानं मरत नाहीत, तिथे अर्थिंग नीट नसतं आणि व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून मरतात, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे असंही होतं की अप्रशिक्षित लोकांनी यंत्रावर कापडं गुंडाळणं धोक्याचं आहे, आग लागू शकते.

अप्रशिक्षित. तो शब्द मी शब्दकोशात बघितला नाही, मला तो येत होता. दुकानाच्या भिंतीवर माझा डिप्लोमा फ्रेम करून लावलेला होता.

मी संपादकांना फोन केला. "सर, तुम्ही हे छापलंच कसं?"

"ते याच धंद्यातले आहेत, त्यांना बोलायचा हक्क आहे. तुम्हालाही आहे. उत्तर लिहा, पान राखून ठेवतो. फक्त चिडून लिहिलेलं मी छापत नाही."

मी लिहिलं ते चिडूनच. दोन पानं लिहून नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "अर्थिंगचं काय? त्यावर तू काहीच बोलली नाही."

बोलले नव्हते, कारण तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वीजमिस्त्रीला घेऊन मी मिल फिरले. पाच मिलपैकी तीन ठिकाणी अर्थिंग खरंच वाईट निघालं. एका ठिकाणी तर तार जमिनीत पोचलेलीच नव्हती, भिंतीत जाऊन थांबली होती. माझी ती दोन पानं मी फाडली. नवं पत्र अर्ध्या पानाचं झालं. अर्थिंगबद्दल साहेबांचं बरोबर आहे, मी ते बघायला हवं होतं, तीन ठिकाणी दुरुस्त करून घेतलं आहे. कोंड्याबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे. कंपनीनं दोन सारखे नवे संगणक द्यावेत. एकाच मिलमध्ये, एकाच वायरवर, नीट अर्थिंग करून दोन्ही चालवू. एक उघडा, एक पेटीत. कंपनीच्या माणसानं स्वतः सील लावावं आणि स्वतःच उघडावं.

ते छापून आल्यावर कंपनीला नाही म्हणणं अवघड झालं असावं. दिवाळीनंतर मिल सुरू झाल्या आणि नागपूरहून त्यांचा इंजिनिअर दोन खोकी घेऊन आला. तरुण होता, पांढऱ्या शर्टात. तो आधी शेठच्या मिलमध्ये उभा राहून चारी बाजूंना बघत राहिला. अर्ध्या तासात त्याच्या शर्टाचे खांदे पिवळे झाले होते. कापडापासून कॅबिनेट किती दूर आहे ते त्यानं पट्टीनं मोजलं, गरम हवेच्या वाटेत कापड येत नाही ना ते बघितलं. आगीची भीती मला आता वाटत नाही, एवढं त्यानं कबूल केलं. दोन्ही कॅबिनेटला कागदी सील लावून सह्या केल्या आणि तो गेला.

मुनीम दोन्ही संगणक रोज चालवायचा. बिलं एकावर, वजनं दुसऱ्यावर, आठवड्यानं अदलाबदल. शनिवारी खोळ बदलायचं काम मावशीनं स्वतःकडे घेतलं होतं, कुणाला हात लावू द्यायची नाही. मी त्या अडीच महिन्यांत बाहेरून निवांत दिसत होते. आतून रोज हिशेब करत होते की पेटीतलाच आधी बंद पडला तर काय. मासिकात माझं आव्हान छापलेलं होतं. ते मागे घ्यायला वाव नव्हता.

दहाव्या आठवड्यात मुनीमाचा फोन आला. "म्याडम, एक बंद पडला."

"कोणता?"

पलीकडे मशीनचा आवाज होता, त्याला ऐकूच गेलं नाही. मी तीनदा ओरडून विचारलं. मग तो म्हणाला, "उघडा. उघडा पडला. पेटीतला चालू हाय."

मी खुर्चीवर बसले आणि गिऱ्हाइकाला म्हटलं, पाच मिनिटं द्या.

सील तोडायला इंजिनिअर आला, आणि त्याच्याबरोबर पुण्याहून संपादकही आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. आवाजावरून उंच वाटायचे, निघाले ठेंगणे, हातात साधी वही. मिलच्या आवारात भर दुपारी टेबल मांडलं. शेठ, मुनीम, मावशी, बाबा, मी, सगळे भोवती. पलीकडे वाळत घातलेलं धान, आणि मिल त्या वेळेपुरती शेठनं बंद ठेवलेली. हंगामात मिल बंद ठेवणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.

इंजिनिअरनं आधी बंद पडलेला उघडला. पंख्याची पाती थरानं जाड झाली होती, पॉवर सप्लायच्या जाळीतून उजेड दिसत नव्हता. मग पेटीतला उघडला. तळाला हलकीशी धूळ होती, फुंकर मारली तशी ती उडाली. पंख्याची पाती नव्यासारखी, काळी कुळकुळीत.

इंजिनिअरनं उघड्या संगणकात बोट फिरवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला.

"मॅडम, ये तो सही में तेल है," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून मराठीत, "मी रिपोर्ट जसाच्या तसा लिहितो. एक शब्द कमी करणार नाही."

"थ्या लुगड्याचंबी लिवजा," मावशी म्हणाली. सगळे हसले, इंजिनिअरनं मात्र खरंच लिहून घेतलं.

त्याचा रिपोर्ट पुढच्या अंकात पूर्ण आला. खाली त्या सर्व्हिस प्रमुखांच्या तीन ओळी होत्या. कोंड्याबद्दल बाईंचं बरोबर निघालं, अर्थिंगबद्दल माझं, आणि 'अप्रशिक्षित' हा शब्द मी मागे घेतो. मला त्यांतली मधली ओळ विशेष आवडली. त्या माणसानं आपलं खरं होतं तेवढं सोडलं नाही, चुकलं तेवढं सोडलं. कंपनीनं धानाच्या पट्ट्यातल्या सगळ्या सर्व्हिस सेंटरांना पत्रक काढलं, की कोंड्याच्या थरामुळे झालेला बिघाड ग्राहकाची चूक धरू नये. त्या पत्रकात माझं नाव नव्हतं. पण शेठना त्या बंद पडलेल्या संगणकासाठी नवा पॉवर सप्लाय वॉरंटीत मिळाला, आणि ते तो घेऊन दुकानात पेढे वाटायला आले.

त्यानंतर संपादकांनी मला महिन्याला एक पान दिलं. ते पान मी काही वर्षं लिहिलं. पाली, मुंग्या, पावसाळ्यातला गंज, वीज पडल्यावर जळणारे मोडेम, मोठ्या शहरातल्या वाचकाला जे कधी दिसत नाही ते सगळं. मग छापील मासिक बंद झालं. जाहिराती इंटरनेटवर गेल्या, हे संपादकांनीच फोन करून सांगितलं. त्यांचा आवाज त्या दिवशी थकलेला होता. मी विचारलं, "सर, मराठीत काढलं तर?"

"कोण काढणार?"

"मी."

ते मग म्हणाले, "प्रूफं माझ्याकडे पाठवत जा. फुकट तपासतो, पण चुका दाखवल्यावर रडायचं नाही."

आता आमचं सोळा पानांचं मासिक भंडाऱ्याच्या एका छापखान्यात छापलं जातं. तिथे एरवी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं निघतात. त्याच पानांची चित्रं करून ते व्हॉट्सअ‍ॅपवरही जातं. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरचे दुरुस्तीवाले ते वाचतात आणि त्यांतले बरेच लिहितातही. कधी आमच्या बोलीतच लिहितात, आणि मी ती फार सरळ करत नाही. गोसीखुर्दच्या धरणामुळे उठून नव्या वसाहतीत आलेला एक गृहस्थ दाखले काढून देण्याचं केंद्र चालवतो. पाण्याच्या काठावरच्या हवेत पिना कशा गंजतात, त्यावर त्यानं लिहिलं. नाकाडोंगरीकडची एक बाई खाणीच्या कार्यालयांचे संगणक दुरुस्त करते. तिनं लिहिलं की मँगनीजची धूळ काळी आणि जड असते, ती खाली बसते, म्हणून तिथे कॅबिनेट उंच ठेवलं तरी बराच फरक पडतो. मी तिला फोन करून नऊ प्रश्न विचारले. ती वैतागली, पण उत्तरं दिली.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदाच माझ्या दुकानात आली. तिच्याकडच्या एका कार्यालयात कंपनीचा माणूस आला होता, नागपूरहून. त्यानं कॅबिनेट टेबलावरून काढून खाली जमिनीवर ठेवायला सांगितलं. तिनं नको म्हटलं.

"तो म्हने, तुम्हाले कोन सांगितलं?" ती मला सांगत होती. "मी अंक काढली अन् टेबलावर ठेवली. म्हनली, सातवं पान वाचा."

"मग?"

"उभ्या उभ्याच वाचला ना त्यानं. सगळं वाचला. मंग मले विचारते, लिवनारी बाई कोन हाय?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगतली, मीच हाय," ती म्हणाली, आणि माझ्या दुकानातल्या स्टुलावर अशी बसली की जणू ते तिच्यासाठीच ठेवलेलं होतं. मी चहा सांगितला.